उलव्यातील वन बीएचके : तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

जानेवारी 2022 मध्ये आम्ही रायगड जिल्ह्यातील उलवे येथे, बामणडोंगरी स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांवरच्या एका इमारतीत, बांधकाम सुरू असताना वन बीएचके सदनिका नोंदवली आणि जून 2023 पासून आम्ही तिथे राहत आहोत. नव्या घराविषयीचे अभिप्राय बहुधा ताबा मिळाल्याच्या आठवड्यात लिहिले जातात, जेव्हा दारावरचे तोरण ताजे असते आणि भिंतींनी एकही पावसाळा पाहिलेला नसतो. हा अभिप्राय तीन पावसाळे काढल्यानंतरचा आणि गृहकर्जाचे जवळपास पन्नास हप्ते भरल्यानंतरचा आहे. विकासकाचे नाव मी देत नाही, कारण आमच्या वाट्याला जे आले ते या पट्ट्यात घर घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला येते, आणि एका नावावर बोट ठेवले की बाकीचे सगळे चांगले आहेत असा गैरसमज होतो.

घर म्हणून ते चांगले आहे आणि त्याला मी पाचपैकी चार गुण देईन. ज्या व्यवहारातून ते मिळाले त्याला मात्र दोनच. उलव्यात, किंबहुना पनवेल-उरणच्या साऱ्या किनारपट्टीत, घराची सांगितलेली किंमत आणि त्यासाठी प्रत्यक्षात मोजावे लागणारे पैसे यांत एवढे अंतर आहे की ज्याने कागद-पेन्सिल घेऊन आधी हिशेब मांडला नाही, त्याचा पहिल्याच वर्षी दम निघतो. आमचा जवळजवळ निघाला होता, म्हणून आकड्यांसकट लिहिते.

त्याआधी आम्ही चेंबूरला एका खोलीच्या भाड्याच्या घरात राहत होतो. भाडे 22,000 रुपये होते आणि दर अकरा महिन्यांनी नव्या करारासोबत ते वाढत होते. माझे कार्यालय फोर्टात, यजमानांची नोकरी तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत. दोघांच्या मध्ये पडेल आणि दोघांच्या पगारात बसेल असे ठिकाण शोधता शोधता आम्ही खारघर, कामोठे, करंजाडे असे करत उलव्याला येऊन थांबलो. त्या काळात उलव्यात खारकोपरपर्यंतच लोकल येत होती. ती सेवा 11 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली होती. शिवडीहून येणारा सागरी सेतू समुद्रात खांबांच्या रूपात उभा होता आणि विमानतळाच्या जागी सपाट केलेली जमीन दिसत होती. ब्रोकरने आम्हाला आधी सदनिका दाखवलीच नाही. त्याने आम्हाला थेट गच्चीवर नेले. एका बाजूला हात करून त्याने सेतू दाखवला, दुसऱ्या बाजूला विमानतळ, आणि मग दर सांगितला. आज विचार करते तेव्हा लक्षात येते की संपूर्ण व्यवहाराचे सार त्या गच्चीवरच उघड झाले होते. आम्ही 2022 साली 2022 चे उलवे विकत घेत नव्हतो. अजून न बांधलेल्या गोष्टींचे पैसे आम्ही आगाऊ देत होतो.

त्या गोष्टी पुढे खरोखर आल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या सागरी सेतूचे ‘अटल सेतू’ या नावाने 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत गेली. विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. परंतु विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मधले आहे. त्या सुमारास ज्यांनी विमानतळाजवळचे घर म्हणून इथे पैसे गुंतवले, त्यांनी विमान पाहण्याआधी जवळपास आठ वर्षे त्या विमानतळाचे व्याज भरले. आता चिरनेर-कर्नाळ्याच्या दिशेने जिथे नवनगराची घोषणा झाली आहे तिथेही भूखंड आणि घरे याच पद्धतीने दाखवली जात आहेत, म्हणून हा आठ वर्षांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता किमतीकडे येते. आम्हाला सांगितलेला दर होता चौरस फुटाला 8,000 रुपये आणि घर होते 650 चौरस फुटांचे. म्हणजे 52 लाख रुपये. चेंबूरच्या मानाने हा दर ऐकून हायसे वाटले. पण हे 650 चौरस फूट म्हणजे ब्रोकरांच्या भाषेतले ‘सेलेबल’ क्षेत्र, ज्यात जिना, लिफ्टचा चौक, प्रवेशद्वार आणि आणखी काय काय धरलेले असते ते कोणीही नीट सांगत नाही. करारनाम्यात लिहिलेले चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, 372 चौरस फूट निघाले. 52 लाखांना 372 ने भागले की दर येतो 13,978 रुपये, आणि मग ते हायसे वाटणे ओसरते. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवहारांचे नियमन करणाऱ्या कायद्यानुसार, 2017 पासून घराची विक्री चटई क्षेत्रावरच व्हायला हवी आणि करारनाम्यात तेच लिहिले जाते. तरीही पहिल्या भेटीत तोंडी बोलणे अजून सेलेबलवरच चालते, कारण त्या आकड्याने घर मोठे आणि दर लहान वाटतो. माझी कळकळीची सूचना अशी की ब्रोकरने दर सांगितल्याबरोबर चटई क्षेत्र विचारावे, एकूण रकमेला त्याने भागावे आणि दोन घरांची तुलना फक्त त्या आकड्यावर करावी. आम्ही करंजाडेचे एक घर महाग म्हणून सोडले होते. नंतर भागाकार केला तेव्हा ते आमच्या घरापेक्षा स्वस्त होते असे कळले.

52 लाखांवर जे चढत गेले ते असे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. किंमत 45 लाखांपर्यंत आणि मुंबई महानगर प्रदेशात चटई क्षेत्र 60 चौरस मीटरपर्यंत असेल तर तो 1 टक्का असतो, अन्यथा 5 टक्के. आमचे घर जेमतेम 35 चौरस मीटरचे, म्हणजे क्षेत्राच्या दृष्टीने अगदीच लहान, पण किंमत 45 लाखांच्या वर असल्यामुळे आम्हाला 2 लाख 60 हजार रुपये भरावे लागले. परवडणाऱ्या घराची ही मर्यादा एप्रिल 2019 पासून आहे तिथेच आहे आणि दर मात्र वाढत गेले आहेत, त्यामुळे साडेतीनशे चौरस फुटांचे घरसुद्धा कागदोपत्री परवडणाऱ्या घरांतून बाहेर पडते. ज्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची अधिकृत परवानगी, मिळालेले आहे तिथल्या घरावर हा कर लागत नाही, आणि तयार घर थोडे महाग मिळाले तरी हा फरक वजा करूनच तुलना करावी.

मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपयांची नोंदणी फी मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गेले. घर केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत आहे. आमच्या बाबतीत ती 52,000 रुपये झाली असती, परंतु नोंदणीच्या दिवसापर्यंत आम्हाला हे कोणीही सांगितले नाही आणि आम्ही दोघांची नावे घातली. अर्थात प्राप्तिकरात गृहकर्जाची वजावट दोघांनाही घ्यायची असेल तर दोघेही मालक असावे लागतात, तेव्हा कोणता मार्ग फायद्याचा हे ज्याचे त्याने पाहावे; पण निवड आहे हे माहीत तरी असावे. पुढे पार्किंगचे 3 लाख, आणि सोसायटी स्थापना, वकील, वीजजोडणी, दोन वर्षांची आगाऊ देखभाल असे मिळून 1 लाख 60 हजार. पार्किंगविषयी एक गोष्ट ठामपणे सांगते. खुली पार्किंगची जागा विकासकाला विकता येत नाही. झाकलेली असेल तर तिचा क्रमांक, लांबी-रुंदी आणि नेमके ठिकाण करारनाम्याच्या जोडपत्रात नोंदवून घ्यावे. आमच्या शेजाऱ्यांना मिळालेल्या जागेत दोन खांबांमध्ये गाडी शिरते, पण तिचे दार उघडत नाही.

सगळी बेरीज साडेबासष्ट लाखांच्या वर गेली. घरातले कपाट, ओटा, पंखे, जाळ्या हे वेगळेच. 52 लाखांच्या घरासाठी वीस टक्के जास्त लागले, आणि हा वरचा सगळा भाग रोख उभा करावा लागतो, ही खरी अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरली जात नाही. आम्ही 40 लाख कर्ज घेतले आणि साडेबावीस लाख स्वतःचे घातले, ज्यात दोघांचा भविष्य निर्वाह निधी, माझ्या आईने मोडलेली मुदत ठेव आणि माझे दागिने होते. जाहिरातीत फक्त मासिक हप्ता छापलेला असतो. हप्ता झेपणारी पण ही पुंजी नसलेली माणसे त्या जाहिरातीत मोजलेलीच नसतात, आणि माझ्या कार्यालयात अशी माणसे निम्म्याहून अधिक आहेत.

कर्जाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागेल. आम्ही कर्ज घेतले तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 टक्के होता आणि आमचा व्याजदर 6.8 टक्के. वीस वर्षांच्या मुदतीने 40 लाखांवर हप्ता साडेतीस हजार येत होता, आणि त्याच हिशेबावर आम्ही बाकीचे आयुष्य बेतले: मुलीची शाळा, सासूबाईंची औषधे, गावी वर्षातून दोन फेऱ्या. मे 2022 पासून रेपो दर वाढू लागला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. आमचा दर रेपोला जोडलेला असल्यामुळे तोही अडीच टक्क्यांनी वाढून 9.3 झाला. बँकेने सुरुवातीला हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, आणि आम्हाला ते बरे वाटले, कारण खात्यातून जाणारी रक्कम बदलली नव्हती. मग एका रात्री मी बँकेच्या पासबुकाची प्रत समोर ठेवून आकडे मांडले. उरलेल्या मुद्दलावर महिन्याचे नुसते व्याजच तीस हजारांच्या वर होते. म्हणजे साडेतीस हजारांच्या हप्त्यातून मुद्दल फेडण्यासाठी दोनशे रुपयेसुद्धा उरत नव्हते; आम्ही महिनोन् महिने पैसे भरत होतो आणि कर्ज जागचे हलत नव्हते. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन आम्ही हप्ता साडेछत्तीस हजारांवर नेला. त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे निवडू द्यावे आणि त्याचा परिणाम स्पष्ट सांगावा. हा नियम फार चांगला आहे, पण निवडणाऱ्याला आकडा वाचता आला पाहिजे. 2025 मध्ये रेपो दर उतरत उतरत 5.25 टक्क्यांवर आला आणि आमचा हप्ता पुन्हा चौतीस हजारांच्या आत आला आहे. आज जे कर्ज घेत आहेत त्यांनी आजच्या हप्त्यात आणखी पाच-सहा हजार मिळवून बघावेत, आणि तेवढा भार घर पेलत असेल तरच सही करावी.

विकासकाच्या वागण्याविषयी. पहिल्या भेटीतच 20 टक्के भरा, मग करारनामा नोंदवू, असे आम्हाला सांगण्यात आले. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आम्ही ते नम्रपणे दाखवले आणि त्यांनी वाद न घालता मान्य केले. त्यावरून असे वाटते की नियम त्यांना ठाऊक होता, ग्राहकाला ठाऊक आहे का एवढेच ते पाहत होते. ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2022 होती. फेब्रुवारीत त्यांनी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ओसी म्हणतात ते, हाती नसताना ‘फर्निचरसाठी चावी घ्या’ असा आग्रह धरला. इमारतीतल्या बऱ्याच जणांनी चावी घेतली, कारण भाडे आणि हप्ता दोन्ही एकाच वेळी भरणे त्यांना जड जात होते. आम्हीही ते दोन्ही भरत होतो, पण ओसीशिवाय पाऊल टाकायचे नाही असे ठरवले होते, आणि ते योग्य ठरले. चावी घेतलेल्यांचे उशिराबद्दलचे म्हणणे नंतर ऐकूनच घेतले गेले नाही. उशीर झाल्यास भरलेल्या रकमेवर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरापेक्षा दोन टक्के अधिक दराने व्याज मागता येते. आमच्या हिशेबाने ते दीड-दोन लाख होत होते. विकासकाने आगाऊ देखभालीतले 60,000 रुपये सोडले आणि आम्ही थकून तडजोड केली. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, सलोखा मंचाकडे जायला हवे होते, असे आज वाटते.

या सगळ्या व्यवहारात सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे महारेराचे संकेतस्थळ. तिथे प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, जमिनीचे कागद, प्रत्येक सदनिकेचे चटई क्षेत्र, विकासकाने दर तिमाहीला भरलेली प्रगती आणि पूर्ण होण्याची घोषित तारीख हे सगळे विनामूल्य पाहता येते. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातींवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो फोनने वाचायला अर्धा मिनिट लागतो. आमच्या ब्रोकरने ताब्याची जी तारीख तोंडी सांगितली होती, ती आणि संकेतस्थळावरची तारीख यांत एक वर्षाचे अंतर होते. ब्रोकरचा राग मानू नये, पण तारीख संकेतस्थळावरचीच धरावी.

जमीन सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याची आहे, हेही अनेकांना खरेदीनंतर कळते. त्यात धोका नाही, परंतु पुढे घर विकताना सिडकोचे हस्तांतरण शुल्क लागते.

आता प्रत्यक्ष घर. 372 चौरस फुटांत दिवाणखाना, एक शयनगृह, स्वयंपाकघर आणि दोन प्रसाधनगृहे बसवली आहेत आणि मांडणी खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. वाया गेलेला बोळ नाही. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी खाडीवरचा वारा येतो आणि मे महिन्यातही रात्री पंखा पुरतो. चेंबूरच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागे, इथे सहापर्यंत लागत नाही. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात गॅलरीत तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता लावला. तिन्ही जगले आहेत. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र शयनगृहाच्या पश्चिम भिंतीला ओल आली. ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने स्वखर्चाने, तीस दिवसांत दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी पत्र, मग ईमेल, मग सोसायटीच्या शिक्क्याचे पत्र असे तीन वेळा कळवल्यावर माणसे आली आणि बाहेरून केलेले काम गेल्या पावसात टिकले. जमिनीखालची पाण्याची टाकी विकासकाने इमारतीच्या मानाने लहान बांधली आहे, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये टँकर घ्यावा लागतो आणि महिन्याची देखभाल 3,200 रुपयांपर्यंत जाते. टाकी किती लिटरची आणि सदनिका किती, हा प्रश्न घर पाहताना विचारायचा असतो हे आम्हाला सुचले नव्हते.

प्रवास हा या घराचा सर्वात मोठा छुपा खर्च आहे. बामणडोंगरीहून नेरूळ बारा-पंधरा मिनिटांचे, पण उरण मार्गावर गाड्या अजून मोजक्या आहेत. एक चुकली की सकाळचे गणित कोलमडते, आणि नेरूळहून सीएसएमटी आणखी जवळपास तासाभराचे. चेंबूरहून मला दाराशी ते टेबलाशी एक तास लागे, आता पावणेदोन. अटल सेतूवरून कारने फोर्ट चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत गाठता येते, परंतु पथकर एका फेरीला 250 आणि परतीसह 375 रुपये आहे. महिन्याचे बावीस दिवस धरले तर 8,250 रुपये, इंधन वेगळे. सेतूवरून जाणाऱ्या बस हा मधला मार्ग आहे आणि मी आठवड्यातून तीनदा तो घेते. यजमानांना तळोजाला दुचाकीने चाळीस मिनिटे लागतात, त्यांच्यासाठी हे घर वरदान आहे. ज्या कुटुंबात दोघांचीही नोकरी दक्षिण मुंबईत आहे त्यांना मी उलवे सुचवणार नाही, मग सेतू कितीही देखणा असो.

विकत घ्यावे की भाड्याने राहावे, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारते. आमच्या इमारतीत 2023 मध्ये वन बीएचकेचे भाडे 13,000 होते, आता 18-19 हजार झाले आहे. आमचा हप्ता आणि देखभाल मिळून 37,000 जातात. त्याच जिन्यावर, तेच पाणी, तोच वारा घेत भाडेकरू निम्म्या पैशांत राहतो. ब्रोकर म्हणतात की आमचे घर आज सत्तर लाखांच्या पुढे गेले आहे. ते खरे असले तरी त्याचा आम्हाला काही उपयोग नाही, कारण हे विकून जिथे जाऊ तिथेही भाव तसाच वाढलेला आहे. शिवाय सत्तर लाखांच्या घरावर 56 लाख कर्ज घेतले तर 8 टक्क्यांनी वीस वर्षे सत्तेचाळीस हजारांचा हप्ता येतो. 2022 साली आमचा जो पगार होता तेवढ्या पगाराचे जोडपे आज आमच्याच मजल्यावर घर घेऊ शकत नाही, आणि चार वर्षांत आमच्यासारख्यांचे पगार त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगते की आधी एक वर्ष, पावसाळा धरून, इथे भाड्याने राहा, प्रवास, पाणी आणि शाळा या तिन्हींची परीक्षा घ्या, मग ठरवा. ज्यांची नोकरी पनवेल, तळोजा, न्हावाशेवा बंदर किंवा विमानतळाच्या परिसरात आहे, ज्यांच्याकडे किमतीच्या पस्तीस-चाळीस टक्के रक्कम हाताशी आहे आणि ज्यांना दहा वर्षे हलायचे नाही, त्यांनी ओसी मिळालेले घर जरूर घ्यावे.

इथे राहिल्यावर ज्या गोष्टीने मला सर्वात अस्वस्थ केले, ती मात्र घर घेताना आमच्या मनातही नव्हती. आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी गव्हाणच्या. नवी मुंबईसाठी ज्या 95 गावांच्या जमिनी गेल्या त्यांत त्यांच्या सासरची भातशेतीही गेली. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात गेली, आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. उलव्यातल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. पण साडेबारा टक्क्यांचा तुकडा चार भावांत वाटला की घरटी काय उरते हे सांगायला नको, आणि ज्यांनी गरजेपोटी तो विकासकाला लवकर देऊन टाकला त्यांच्या मुलांना त्याच जागेवरचे घर आता बाजारभावाने घ्यावे लागते. मावशींचा मुलगा विमानतळावर कंत्राटी कामाला लागला आहे, पगार चोवीस हजार. गावातल्या घरात तीन कुटुंबे आहेत आणि त्याचे लग्न ठरले आहे. 2024 मध्ये सिडकोने 26,000 घरांची सोडत योजना जाहीर केली, त्यात बामणडोंगरी आणि खारकोपरची घरेही होती. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 6 लाख असल्यामुळे तो त्यात बसत होता. पण सहा लाख उत्पन्न असलेल्या माणसाला बँक जेमतेम तीस लाखांचे कर्ज देऊ शकते आणि मावशींच्या मुलाचे उत्पन्न त्या सहा लाखांच्या निम्मे आहे. त्याने अर्ज भरला नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावरची सदनिका रिकामी झाली. मालकीणबाई पुण्याला राहतात. भाडे त्या 19,000 सांगत होत्या. मावशींच्या मुलासाठी ते काही कमी करता येईल का म्हणून मी त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, दोन हजार कमी केले, आणि मग संकोचाने म्हणाल्या की त्याखाली मला जमणार नाही, माझा हप्ता एकतीस हजार आहे. मुलाने महिनाअखेरपर्यंत विचार करायला वेळ मागितला आहे.